रिचलंडच्या लाइनवरचे रीफर

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक सिंगल लाइन जाते. पॅसेंजर गाडी तिच्यावर एकही नाही, मालगाडी तेवढी येते, तीही अगदी सावकाश. मी वॉशिंग्टन राज्यात रिचलंडला राहते, पण मूळची भुसावळची, त्यामुळे फाटकावरचा भोंगा ऐकला की पाय आपोआप थांबतात. इथे भोंग्याची पद्धत ठरलेली आहे, दोन लांब, एक आखूड, परत एक लांब, माझ्या लेकाला ती तोंडपाठ झालीये.

ही लाइन मूळची हॅनफर्डच्या अणुप्रकल्पाची, १९९८ साली पोर्ट ऑफ बेंटन या इथल्या सरकारी संस्थेकडे आली, आणि आता तिच्यावर आम्ही बघतो काय तर बटाटा नेणारे डबे! कोलंबिया नदीच्या पाण्यावर या भागात प्रचंड बटाटा होतो, गावाच्या उत्तरेला फ्रेंच फ्राइज बनतात आणि तो फ्रोझन माल पार देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्यासाठी हे रीफर, म्हणजे रेफ्रिजरेटेड डबे. लांबलचक, पांढरे, अंगावर एआरएमएन, म्हणजे युनियन पॅसिफिक रेल्वेच्या रीफरची खूण, आणि नंबर.

गेल्या शनिवारी गाडी फाटकाच्या अलीकडेच थांबली, इंजिन सोडून पुढे शंटिंगला गेलं, सगळं शांत झालं, आणि तरी एक डबा एकटाच घुर्रर्र करत उभा. डब्याच्या एका टोकाला जाळीमागे त्याचं स्वतःचं डिझेल इंजिन असतं, गाडी चालो न चालो, आत उणे १८ डिग्री टिकलंच पाहिजे. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो, तरी गरम हवेचा झोत अंगावर येत होता. आतलं तापमान ऑफिसात बसून कळतं, आणि जीपीएसमुळे डबा कुठे आहे तेही. पूर्वी हे काम बर्फावर चालायचं, १९०६ साली निघालेल्या पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस कंपनीच्या डब्यांना दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे होते, वाटेत ठिकठिकाणी माणसं छतावरच्या झडपांतून मोठमोठ्या लाद्या आत ढकलायची. केवढी मेहनत!

मला हे बघताना भुसावळजवळचं सावदा आठवतं. मामांची केळी तिथूनच दिल्लीला जायची, एकदा ऐन मे महिन्यात डबा वाटेत अडकला आणि अर्धा माल पिकून काळा पडला, मामी दोन दिवस नीट जेवली नव्हती. केळ्याला उणे १८ नकोच, साधारण १३ डिग्री पुरतात, त्याखाली गेलं तरी साल काळवंडते. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर किसान रेल, म्हणजे शेतमालाची गाडी, सुरू झाली, जळगाव-भुसावळला थांबायची, तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला होता, पण बहुतेक डबे साध्या, थंड न होणाऱ्या पार्सल व्हॅनच. आपल्या केळीला असा स्वतःचं इंजिन असलेला डबा मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

त्या घुर्रर्रचा व्हिडिओ मामांना पाठवला. लगेच फोन आला, "पोरी, हा डबा १३ वर लावता येतो का गं?"

येतो मामा.