उजनी मायनसमध्ये गेलं की दिसणारी गावं

मे महिन्यात भीमेवरच्या उजनी धरणाबद्दल "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो. त्याच बातमीनं जुन्या पळसदेवच्या माणसांचे पाय मात्र भीमेकडे वळतात. त्यांचं धरणात बुडालेलं गाव पाण्याबाहेर यायला लागलेलं असतं.

धरणाखाली गेलेलं गाव बघायचं असेल तर पंचांगाच्या आधी धरणाचा साठा बघायचा. उजनीची एकूण साठवण साधारण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांपर्यंत न पोचणारं तळातलं पाणी. वरचं 53.57 टीएमसी उपयुक्त. वर्तमानपत्रातली टक्केवारी या वरच्या साठ्याची असते, त्यामुळे "शून्य टक्के" वाचून धरण आटलं असं समजून निघालात तर समोर अथांग पाणीच दिसेल. तेव्हा 63 टीएमसीहून जास्त पाणी धरणात असतं. मायनस 20 म्हणजे वरचा साठा संपून मृतसाठ्यातूनही, उपयुक्त साठ्याच्या 20 टक्क्यांइतकं, 10.7 टीएमसी गेलं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं, तरीही तळात 31 टीएमसीच्या घरात पाणी होतं. पळसदेवच्या देवळाचं शिखर आधी उघडं पडतं. पूर्ण देऊळ, ओटा, सभोवतालची जोती बघायची तर खोल मायनसचं वर्ष लागतं, आणि तसं वर्ष दरवर्षी येत नाही. येऊही नये. देऊळ दिसतं तेव्हा खाली पंढरपूर-सोलापूरकडे प्यायच्या पाण्याची ओढाताण चाललेली असते, हे तिथं उभं राहणाऱ्यानं विसरू नये.

मेचा शेवट ते जूनचा पहिला पंधरवडा हा नीचांकाचा काळ. पण हा हिशेब पावसाच्या हातात आहे. 2025 ला मान्सून 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि नेहमीची गणितं मोडली. शिवाय उजनीवर ढग नसला तरी धरण भरतं, कारण पाणी येतं वरून, पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीकडे येणारं पाणी, बघायचा. तो काही हजार क्युसेकवर (सेकंदाला घनफूट) गेला असेल तर पात्रातली वाट धरू नये. दुपारपर्यंत कोरडी असलेली चर संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही.

पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गावर, भिगवण सोडल्यावर इंदापूरच्या अलीकडे आहे. 1980 ला धरण पूर्ण झालं तेव्हा गाव वर सरकलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ तळात राहिलं. काठावरून देवळापर्यंत कधी चालत जाता येतं, कधी होडीनं जावं लागतं. ते त्या आठवड्याच्या पातळीवर ठरतं, आणि हे सांगणारा माणूस म्हणजे तिथला मच्छीमार. नकाशावरच्या बाणावर विसंबू नका.

होडीबद्दल जरा जास्तच सांगतो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगाव यांच्यामध्ये याच जलाशयात प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. मे महिन्यातला वळीव दुपारनंतर उठतो. आधी हवा कोंडते, मग पश्चिमेला आभाळ काळवंडतं आणि वारा एकदम सुटतो. जलाशयाचा पसारा मोठा, आडोसा कुठंच नाही, त्यामुळे लाटा बघता बघता उंच होतात. तेव्हा सकाळी सातला पाण्यावर आणि अकराच्या आत काठावर, हा नियम. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवायचा नाही, मग सोबतचे कितीही घाई करोत. कमी पाण्यात आणखी एक धोका असतो: बुडालेल्या झाडांचे खुंट, भिंतींची टोकं आणि मासेमारीची जाळी. इंजिनाचा पंखा त्यात अडकला तर होडी वाऱ्यावर आडवी होते. इंजिन असलं तरी वल्हं सोबत आहे ना, हे विचारून घ्या.

चालत जाताना गाळ सांभाळायचा. वरची काळी माती वाळून तिला भेगा पडलेल्या असतात, पाऊल घट्ट बसेल असं वाटतं. खाली मात्र लोण्यासारखा गाळ. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून किंवा जनावरांच्या वाटेनं चाला. गाळपेर केलेल्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतलेल्या रानाच्या कडेनं चालता येतं, पिकातून नाही, कारण पाणी उतरल्यावर तेवढ्या दोन-तीन महिन्यांवर कुणाचं तरी घर चाललेलं असतं. हातात काठी, पायात नाडीचे बूट. चप्पल गाळात राहते. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर सरळ वर ओढू नका, त्यानं दुसराही रुततो. अंग मागं टाका, वजन पसरा, पाय हलवत हलवत गाळ सैल करा आणि मग काढा. सगळ्यात वाईट धोका विहिरींचा. कठडा ढासळलेला, तोंड गाळानं झाकलेलं. एखाद्या गोल जागेची माती आजूबाजूपेक्षा ओली किंवा खचलेली दिसली तर लांबून वळसा घाला.

पोचल्यावर काय बघायचं? बहुतेक लोक देवळाचा फोटो काढून परत फिरतात, आणि गाव बघायचं राहून जातं. पांढऱ्या मातीच्या भिंती पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत विरघळून जातात. वासे, चौकटी, पत्रे लोकांनी निघतानाच काढून नेलेले असतात. उरतो तो घडीव दगड: जोत्याच्या ओळी, उंबरा, उखळ, दळायचं फुटकं जातं. दोन समांतर जोत्यांमध्ये आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी दिसली तर ती गल्ली. गल्लीनं देवळाकडे चालत गेलं की पार, चावडी, वेस कुठं असेल याचा अंदाज लागायला लागतो. मला हे चालणं देवळापेक्षा मोलाचं वाटतं.

देऊळ टिकलं त्याचंही कारण आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, चिरे एकमेकांत बसवलेले; सांध्यात चुना कमी, त्यामुळे पाण्यानं धुऊन जाण्यासारखं फारसं काही नाही. शिखर विटांचं. वीट पाणी पिते, वाळते, पुन्हा पिते, आणि दर खेपेला थोडी सुटते. देऊळ सतत पाण्यात राहिलं असतं तर कदाचित कमी झिजलं असतं. पातळी वरखाली होते तिथं लाटांचा मारही बसतो. म्हणून शिखरावर चढणं, कोनाड्यात पाय देणं, सुटलेली वीट "आठवण" म्हणून उचलणं हे अजिबात करू नका.

अशा जागा आणखीही आहेत. भोरकडे भाटघरच्या पाण्यातलं कांबरेश्वर, पवना धरणातलं वाघेश्वर. पण पळसदेवच्या तोडीनं मनात घर करणारं गाव म्हणजे गोव्यातलं कुर्डी. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. सांगे तालुक्यातल्या साळावली धरणात ते 1986 ला बुडालं. सहाशेवर कुटुंबं वाडे आणि वालकिणी या वसाहतींत गेली. तिथं दगड जांभा, हवेत घट्ट होणारा, त्यामुळे घरांची जोती ठळक उरली आहेत. मधेमधे माडांचे खुंट. पाणी ओसरतं एप्रिलच्या अखेरीपासून, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं परत खाली. कुर्डीचं कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ मात्र पाण्यात शोधू नका. ते सुटं करून धरणाजवळ नव्या जागी पुन्हा उभं केलेलं आहे. सोमेश्वराचं देऊळ जुन्या जागीच राहिलं, आणि मे महिन्यात विखुरलेले कुर्डीकर तिथं उत्सवाला जमतात. ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या जुन्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या जागी फेस्त (उत्सव) करतात. त्या दिवशी गेलात तर आधी विचारून उभे राहा. ड्रोन उडवू नका. ती माणसं आपल्या घरी आलेली असतात.

जायच्या आधी घरबसल्या करण्याजोगी एक तयारी आहे. गूगल अर्थमध्ये जुन्या प्रतिमांची पट्टी उघडा आणि वेगवेगळ्या वर्षांचे मे महिने बघा. पाणी कोणत्या वर्षी कुठवर उतरलं होतं ते कळतं. धरणाआधीचं गाव हवं असेल तर अमेरिकी लष्करानं 1950 च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रमाण 1 सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, त्यामुळे घरं दिसणार नाहीत, पण मोकळी भीमा आणि तिच्या काठची नावं दिसतात. गावठाण आणि गट बारकाईनं बघायचे तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या गावनकाशाची नक्कल मागता येते. गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका नीट लिहून न्या.

नकाशाची मोठी प्रत काढा आणि नव्या पळसदेवला सत्तरीच्या पुढच्या कुणाला तरी भेटा. "आजोबा, तालीम कुठं होती? धुणं धुवायचा घाट कुठला?" असं विचारलं की बोट आपोआप नकाशावर फिरतं. सांगितलेलं नाव तिथल्या तिथं पेन्सिलीनं लिहून घ्या: कुणाचा वाडा, कुठली वेस, कुठल्या चिंचेखाली बाजार. दोघांनी जागा वेगवेगळ्या सांगितल्या तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या खुणेसकट. पुढच्या खोल मायनसच्या वर्षी तोच कागद घेऊन जोत्यांमधून हिंडा आणि जागा जुळल्या की त्यांचे जीपीएस अंक शेजारी टिपा. एक प्रत गावच्या शाळेत द्या.