५०,००० बाय ५०,००० चा अ‍ॅरे मेमरीत बसवताना: माझा अनुभव

माझ्याकडे ५०,००० नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीचं बाकी सगळ्या नोंदींपासूनचं अंतर काढून ठेवायचं होतं, पुढे क्लस्टरिंग, म्हणजे सारख्या नोंदींचे गट, करायला. सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला घेतला. आधी थोड्या डेटावर बघू म्हणून मेन या मुख्य फंक्शनच्या आतच डबलचा (दशांश संख्यांचा) १००० ओळी बाय १००० रकान्यांचा अ‍ॅरे घेतला, व्यवस्थित चालला. ११०० केलं तर सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेली मेमरी वापरल्याने प्रोग्रॅम बंद! शंभरने असं काय बिघडतं ते कळेना, दोन तास लूप तपासत बसलो. फंक्शनच्या आत घेतलेला असा डेटा स्टॅक नावाच्या छोट्या जागेत बसतो, म्हणून शेवटी लिनक्सवर यूलिमिट कमांडने स्टॅकची मर्यादा बघितली तर ८१९२ केबी, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. डबलला ८ बाइट लागतात, म्हणजे १००० ला ८० लाख, जेमतेम बसत होतं, आणि ११०० ला ९६,८०,००० होतात. लूप बरोबरच होता. मर्यादा वाढवून टाकणं मला पटलं नाही, कारण दुसऱ्याच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम परत पडणार.

मग मॅलॉक वापरलं, म्हणजे स्टॅकबाहेरची मेमरी मागायचं फंक्शन, एकच सलग ब्लॉक. एन, म्हणजे नोंदींची संख्या, थेट ५०,००० टाकली तर हातात नल, म्हणजे मेमरी मिळाली नाही. साइज प्रिंट करून बघितली, एन गुणिले एन चं उत्तर चक्क उणे १७९ कोटी! खरं उत्तर २५० कोटी, पण एन इंट (साध्या पूर्णांकाचा प्रकार) होता आणि इंटमध्ये २१४ कोटींच्या आसपासच मावतात, त्यामुळे मॅलॉकपर्यंत भलताच आकडा जात होता. एन साइज-टी, म्हणजे खूप मोठे आकडे मावणारा प्रकार, केला. तरीही नलच, पण आता कारण खरं होतं, २० जीबी मागत होतो आणि मशीनमध्ये रॅम ८ जीबी आणि स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ४ जीबी.

डबलऐवजी ४ बाइटचं फ्लोट केलं, १० जीबी. या वेळी पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, मिळाला, वाटलं सुटलो. अ‍ॅरे भरायला लागल्यावर मशीन इतकं जड झालं की माऊस हलेना आणि थोड्या वेळाने टर्मिनलवर एकच शब्द, किल्ड, म्हणजे मेमरी संपल्याने लिनक्सने प्रोग्रॅमच बंद केला. लिनक्स मॅलॉकच्या वेळी नुसता पत्ता देऊन ठेवतं, खरी मेमरी तुम्ही त्या जागेत पहिल्यांदा लिहिता तेव्हा ४-४ केबीच्या पानांनी मिळते, त्यामुळे नल आलं नाही म्हणजे मेमरी आहेच असं नसतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खी रात्र वाचली असती, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

मग कागद घेऊन बसलो. अ पासून ब चं अंतर आणि ब पासून अ चं अंतर एकच, मग दोनदा कशाला ठेवायचं? कर्णाखालचा अर्धा भागच ठेवला, १,२४,९९,७५,००० फ्लोट, म्हणजे जवळपास ५ जीबी. आय क्रमांकाच्या ओळीतलं जे क्रमांकाचं अंतर शोधायचं तर आय गुणिले (आय वजा एक), त्याला भागिले दोन, अधिक जे.

चालवलं, आणि ४६,३४२ व्या ओळीला परत सेगमेंटेशन फॉल्ट. आकडा बघूनच कळलं, ४६,३४२ गुणिले ४६,३४१ इंटच्या बाहेर जातं, भागाकार नंतर होतो पण गुणाकार आधीच फुटलेला असतो! लूपमधला आय इंटच राहिला होता. तोही साइज-टी केला, परत चालवलं, आणि ४९,९९९ पर्यंत सगळ्या ओळी भरल्या.