चाळकेवाडी ट्रिप आणि एटीव्हीचा न निघणारा शाफ्ट

मित्राची चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या अलीकडं थोडी जमीन आहे आणि तिथं एक जुनी एटीव्ही (जाड टायरची, रानात कुठंही जाणारी छोटी चारचाकी) पडून असते, खताच्या गोण्या न्यायला आणि पोरांना फिरवायला. जुलैपासून स्टेअरिंग वळवलं की पुढच्या उजव्या चाकातून कट कट आवाज यायचा. वाकून बघितलं तर शाफ्टचे, म्हणजे चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे, दोन्ही रबरी बूट (सांध्यांवरची टोपणं) फाटलेले, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. नवीन शाफ्ट मागवला, आला, आणि ऑगस्टमधल्या एका शनिवारी दोघं निघालो. दोन तासांचं काम, येताना ठोसेघरचा धबधबा बघू, असा प्लॅन.

समर्थ मंदिर, बोगदा, सज्जनगड फाटा, मग घाट चढून ठोसेघर, तिथून पुढं चाळकेवाडी. साताऱ्यातून ठोसेघर साधारण 25 किमी, पण पावसाळ्यात घाटात धुकं असलं की समोरची एसटी लाइट लागल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळं किमी मोजू नका, वेळ दुप्पट धरा. वर वारा इतका की पाना हातातून ठेवला तरी चालेल पण ताडपत्री दगड ठेवल्याशिवाय अंथरू नका, आमची एकदा बांधापलीकडं जाऊन आली.

चाकाकडची बाजू सोपी गेली. नटाची स्प्लिट पिन काढायची, नट ढिला करायचा, ब्रेकचा कॅलिपर बाजूला बांधायचा (पाइपवर लटकवत ठेवू नका), वरचा बॉल जॉइंट (चाक वळू देणारा सांधा) सोडायचा. हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) शाफ्ट गंजून धरला होता, तर नट परत शाफ्टच्या टोकाबरोबर येईल एवढा फिरवून घेतला आणि वर लाकूड ठेवून ठोकला. नुसत्या शाफ्टवर हातोडा मारलात तर आटे बसतील आणि मग नट चढणारच नाही.

खरी गंमत आतल्या बाजूला. शाफ्टचं आतलं टोक डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) दातऱ्यांवर बसतं, ते काही निघेना. आम्ही आपले शहाणे, मी चेसिसला पाय लावून बसलो, मित्राने मला मागून धरलं आणि हैस्सा करून ओढला. फटकन निघाला, दोघं चिखलात उताणे, हातात शाफ्ट, पण आतल्या जॉइंटची (वाकणाऱ्या सांध्याची) वाटी डिफमध्ये तशीच! शाफ्ट वाटीतून निसटला होता आणि सांध्यातल्या लोखंडी गोळ्या गवतात. सहा असतात, पाच सापडल्या. जुना टाकायचाच होता म्हणून वाचलो, नुसता बूट बदलायचा असता तर त्या दिवशी रडलो असतो.

रेंज तिथं एका ठराविक दगडावर उभं राहिलं तरच येते. तिथून साताऱ्यातल्या मिस्त्री मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "आवं ओढताय कशाला? आत रिंग हाय, ओढून सुटत न्हाय ती, झटका लागतो." तर मुद्दा हा, त्या टोकाला खाचेत तारेची बारीक रिंग असते, ती आतल्या गिअरमागं फुलून बसते. हळूहळू जोर लावला की ती अजून अडकते, झटका दिला की दबून बाहेर येते. म्हणून शाफ्ट धरून ओढायचं नाही, वाटीच्या मागं समोरासमोर दोन टॉमी (लोखंडी पहारीसारखे दांडे) घालून एकदम झटका द्यायचा, नाही निघालं तर पाव फेरा फिरवून परत. केसिंगला टॉमी थेट टेकवू नका, अॅल्युमिनियम आहे, मध्ये लाकडाची पट्टी धरा, आणि टोक ऑइल सीलमध्ये (ऑइल अडवणारी रबरी रिंग) घुसवू नका.

आम्ही तेही केलं, तासभर. गंजानं रिंगपेक्षा जास्त धरलं होतं. तेवढ्यात पाऊस आला.

आता गाडी खाली मामांकडं न्यायची तर एक भानगड, शाफ्टचं बाहेरचं टोक हबमध्ये नसेल तर हबला धरणारं काही उरत नाही, चाकच बाहेर येईल. म्हणून जुना शाफ्ट हबमध्ये घालून नट आवळला, आतलं मोकळं टोक वायरच्या सैल फाशात लटकवलं म्हणजे चाकाबरोबर फिरत राहील, आणि फळ्या लावून छोटा हत्तीवर ढकलली. धबधबा राहिला.

रविवारी मामांनी आधी डिफचं ऑइल काढलं, मग त्या वाटीलाच एक सळई वेल्ड केली. अर्थिंगचा चिमटाही वाटीलाच लावला, चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. सळईवर जाड लोखंडी नळा सरकवून तो बाहेरच्या दिशेनं सळईच्या टोकाच्या नटावर आपटला, दोन ठोके, तिसऱ्याला वाटी हातात. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटला म्हणे. सील मात्र त्याच उष्णतेनं गेलं, ते नवीन लागणार हे मामांनी आधीच सांगितलं होतं.

बसवताना दातऱ्या वायर ब्रशनं साफ केल्या, पातळ ग्रीस लावलं, नवीन रिंग ग्रीसनंच खाचेत मधोमध चिकटवली. आत ढकलल्यावर टक् असं जाणवतं, मग वाटी धरून हलकं ओढून बघायचं, हलली नाही म्हणजे बसली. स्प्लिट पिन नवीनच घाला, पाच-दहा रुपयाला मिळते, जुनी सरळ करून वापरू नका.

कोणीतरी विचारेलच म्हणून, ही एटीव्ही घेऊन कासला जायचं डोक्यात आणू नका. 2012 पासून ते पठार पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत आहे, आणि नसतं तरी फुलांवर चाकं घालणाऱ्याला मी तरी शाफ्ट काढायला मदत करणार नाही.

ऑइल भरून गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली, डिफखाली पुठ्ठा टाकून. सकाळी पुठ्ठा कोरडा होता, मग वर नेली.