ट्रिगरची भिंत

सोमवार, रात्र

काल नेमबाजीच्या रेंजवर सरांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसांच्या पेटीत, एक डमी काडतूस भरून ठेवलं होतं. चौथ्या की पाचव्या वेळी ट्रिगर ओढला, आवाज झालाच नाही, आणि पिस्तुलाचं नाक मात्र खाली झुकलं. धक्का बसलाच नव्हता, म्हणजे हलवलं ते माझ्याच हातानं. सर एवढंच म्हणाले, "गोळी सुटायच्या आधीच तुम्ही तिला आवरायला जाताय." पिस्तूल घेतल्यापासून माझ्या गोळ्या खाली डावीकडे जातायत आणि मी नेम धरायच्या साइटला बोल लावत होते. काल उत्तर डोळ्यांनी बघितलं. मनाला फार लागलं ते.

आजपासून घरी ड्राय, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढायचा सराव, सुरू.

सुरुवातीलाच बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेलं, काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं त्याच जागी जाऊन बसतं. हातातलं पिस्तूल रिकामं वाटतं आणि ते भरलेलं असतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघितलं, करंगळी घालून चाचपलं. मग सगळं पुन्हा एकदा. नेमासाठी अशी भिंत निवडली की चुकून गोळी सुटलीच तर तिथेच थांबेल आणि पलीकडे कुणी नसेल. माझं पिस्तूल सेंटरफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या मधोमध बसते; माहितीपुस्तिकेत ड्राय चालेल असं लिहिलंय. .22 रिमफायर असतं तर आधी विचारून घेतलं असतं, कारण त्यात पिन काडतुसाच्या कडेवर बसते आणि काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती चेंबरच्या काठावर आपटू शकते.

आज दहाच वेळा ट्रिगर ओढला. दहाही वेळा पुढची साइट हलली.

बुधवार

आज नेम धरलाच नाही. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून फक्त ट्रिगर समजून घेतला, अगदी सावकाश.

मला वाटायचं, ट्रिगर म्हणजे दिव्याचं बटण, दाबलं की काम झालं. पण बोट मागे नेताना आधी एक सैल, हलका प्रवास लागतो. मग एकदम काहीतरी आडवं येतं. सर त्याला 'भिंत' म्हणतात. तिथे थांबता येतं. त्या भिंतीवर बोटाचा दाब वाढवत नेला की कुठल्यातरी क्षणी ती तुटते आणि टिक् होतं. माझ्या पिस्तुलात स्लाइड ओढली की स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या पिनची, स्प्रिंग थोडी ताणून राहते. ट्रिगर ती उरलेली ताणतो, वाटेतली फायरिंग पिनची अडसर उचलतो आणि शेवटी तिला धरून ठेवणारा सिअर सुटतो. इतकी कामं एका बोटाच्या प्रवासात होतात हे कळल्यावर ती भिंत ओळखीची वाटायला लागली.

भिंत तुटायला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि रिकामं पिस्तूल किलोभरही भरत नाही. मग बोट जराही तिरकं ओढलं गेलं तर पिस्तूल बोटामागे जाणारच. 10 मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत ट्रिगर ओढायला लागणारं किमान वजन 500 ग्रॅम असतं, 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूलमध्ये 1000 ग्रॅम. तेवढ्या हलक्या ट्रिगरवरही ते नेमबाज ड्राय करत राहतात, मग मला तर केलंच पाहिजे.

शुक्रवार

साइट डावीकडे का सरकते ते सापडलं. मी बोटाचं अगदी टोक ट्रिगरवर ठेवत होते, त्यामुळे तो सरळ मागे न येता बाजूला ढकलला जात होता. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ठेवला आणि फरक लगेच दिसला. दुसरी चूक जास्त चिवट आहे. बोट आवळताना बाकीची तीन बोटंही सोबत आवळतात आणि नाक खाली जातं. पकड आधीच पक्की करून मग एकटं बोट हलवायचं, हे वाचायला सोपं आहे.

कागदावर हिशोब करून बघितला. माझ्या पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये 16 सेंटीमीटर अंतर आहे. पुढची साइट 1 मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर गोळी सहा सेंटीमीटरहून जास्त लांब जाते. एका मिलिमीटरची एवढी किंमत!

रविवार

पुढच्या साइटमागे स्लाइडवर एक नाणं ठेवून केलं. आधी पडायचं. आज बारापैकी नऊ वेळा जागेवर राहिलं. त्या नऊ वेळा टिक् कधी होणार हे मला आधी ठाऊक नव्हतं; दाब वाढत गेला आणि ते झालं. उरलेल्या तीन वेळा मी मनात 'आता' म्हटलं होतं.

टिक् झाल्यावर ट्रिगर मेलेला असतो, स्लाइड ओढल्याशिवाय जिवंत होत नाही. खऱ्या गोळीत स्लाइड आपोआप मागे जाऊन येते, त्यामुळे हा भाग ड्रायमध्ये निसटून जातो. मग मी ट्रिगर मागे दाबून धरूनच दुसऱ्या हातानं स्लाइड ओढली आणि बोट हळूहळू पुढे सोडलं. अर्ध्या वाटेत बारीक खट् झालं. तो रीसेट. पुढच्या गोळीसाठी बोट तिथवरच सोडायचं; मी रेंजवर दर वेळी ट्रिगरवरून बोट पार उचलत होते.

शेवटी नाणं उचललं, भिंतीवरचा नेमाचा कागद उतरवला आणि मोठ्यानं म्हटलं, "सराव संपला." सरांनी हे बजावून सांगितलंय, कारण सराव आटोपून पिस्तूल पुन्हा भरल्यावर 'अजून एकदाच' म्हणून ट्रिगर ओढला जाऊ शकतो. आज मला ते 'अजून एकदाच' खरंच वाटलं. बोट शिवशिवत होतं. पिस्तूल तसंच रिकामं पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि खोलीतून बाहेर आले.