कोरियात जेवताना बिबिंबापच्या पुढे

आज दुपारी सोलमध्ये कोंगगुक्सू खाल्लं. बिबिंबापवर, म्हणजे भाज्या घालून कालवायच्या भातावरच थांबणाऱ्यांसाठी हे लिहावंसं वाटलं. भिजवलेलं सोयाबीन थोडं उकळून, वाटून केलेला गार, दाट रस. त्यात गव्हाच्या शेवया, वर काकडीचे बारीक उभे काप. सगळी कसोटी उकळण्यात: कमी शिजलं तर कच्चट वास येतो, जास्त शिजलं तर कुबट. मीठ बहुधा टेबलावरच असतं. आधी ढवळा, चव घ्या, मग चिमटीचिमटीने घाला. पहिल्याच घासाला बेचव म्हणून वाडगा बाजूला सारू नका! नैर्ऋत्येच्या ग्वांगजू शहराकडे साखर घालतात, तीही छान लागते. पदार्थ उन्हाळ्यातला, जून ते ऑगस्टमध्ये शोधा. रस सहसा शाकाहारी असतो, तरी विचारून घ्या. सोबतच्या किमचीत (आंबवलेल्या तिखट भाजीत) मात्र बहुतेकदा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते.

मांसाहारींनी गामजातांग हा रस्सा घ्यावा: डुकराच्या मणक्याची हाडं, बटाटे, पेरिला या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीच्या बियांची पूड. भांडं सहसा दोघा-तिघांचं येतं. एकटे असाल तर प्प्योहेजांगगुक मागवा, तीच हाडं एका वाडग्यात. तळाशी थोडा रस्सा राखा. शेवटी त्यातच भात परतून मिळतो. तो जरा तळाला लागू द्या, खरपुडी फार चविष्ट होते.