आंभोऱ्याहून पवनीला, पाण्याच्या वाटेनं

डोंगा थांबला तेव्हा मला वाटलं, काठ आला. समोर सगळं हिरवंगार, रोवणी झालेल्या धानाच्या बांधीसारखं, मधेमधे जांभळी फुलं. मग लक्षात आलं की भंडाऱ्याकडचा काठ अजून डावीकडे पार लांब आहे आणि ही हिरवळ पाण्यावर तरंगते आहे. जलपर्णी. मोटारीचा पंखा तिच्यात गुरफटून बंद पडला होता.

होडीतून लांबचा प्रवास करायचा, हे ह्यांचं लग्नाआधीपासूनचं मनात होतं. समुद्र आम्हा नागपूरकरांना लांबच. माझं माहेर पवनी, वैनगंगेच्या काठचं. मीच म्हटलं, आपण आंभोऱ्याहून माझ्या माहेरी पाण्यानं जाऊ. मधे गोसीखुर्दचं धरण आडवं आहे, म्हणून धरणाच्या अलीकडे उतरायचं आणि पुढे एसटी. आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या भेटतात. वर टेकडीवर चैतन्येश्वर. आम्ही दर्शन घेतलं, 2024 मध्ये सुरू झालेल्या झुलत्या तारांच्या पुलाखालून निघालो. पुलावर सेल्फीची गर्दी एवढी की खाली पाण्यात उतरल्यावर जीव थंड झाला.

पहिला दीड तास सुखाचा गेला. आमचे डोंगेवाले भाऊ ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, पन्नाशीचे. मी पवनीची लेक म्हटल्यावर लगेच मी ताई झाले आणि हे जवाईबापू. बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मला ते सगळं पाणी एकसारखं दिसत होतं. भाऊंना तसं दिसत नव्हतं. "इथं खाली शाळेची भिंत हाये जी, जरा बाजूनं काढतो," ते म्हणायचे, नि पुढे, "आता चिंच येते." 1988 साली धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी अडलं, गावं उठली. आपलं बुडालेलं गाव डोळ्यांसमोर ठेवून हे भाऊ आज त्याच्यावरून डोंगा हाकतात. मी त्यांना गावाबद्दल विचारणार होते, पण विचारवेना.

आणि मग ही जलपर्णी.

भाऊंनी मोटार वर उचलली. पंख्याला काळ्या मुळ्यांचे झुपके गच्च आवळलेले. विळ्यानं कापायचं, दहा हात पुढे जायचं, पुन्हा अडकायचं. तिसऱ्यांदा अडकल्यावर त्यांनी मोटार आत ओढून ठेवली आणि बांबू घेतला. बांबूही हिरवळीत रुतायचा, तळ काही लागेना. मागे वळून पाहिलं तर ज्या वाटेनं आलो ती वाटही मिटलेली. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर, पाण्याची बाटली अर्धी, मोबाइलला रेंज नाही. ह्यांचा चेहरा उतरला. मी त्यांच्यावर चिडले, ते माझ्यावर. परक्या माणसासमोर आम्ही असे कधी बोललो नव्हतो.

वास तेव्हा यायला लागला. डोंगा चालत असताना जाणवला नव्हता. थांबल्यावर खालून वर आला, नालीचा, कुजलेला. मी ओढणी नाकाला लावली आणि बोलून गेले, "भाऊ, एवढ्या घाण पाण्यात तुम्ही मासोळी कशी काय पकडता?"

भाऊंनी बांबू खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचंच तं पाणी हाये जी, ताई. नागपूरचं."

मला उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. आमच्या घराच्या मागचा नाला नाग नदीला जातो. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. म्हणजे सकाळी ज्या संगमावर मी हात जोडले, तिथून माझ्याच मोरीचं पाणी खाली येत होतं. शहराच्या मैल्यातलं खत मिळालं की ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती पंधरा दिवसांत दुप्पट होते. शाळेत शिकवलेला नकाशा मला तोंडपाठ होता. माझा नाला त्या नकाशावर कुठे आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी बाजूचं एक झाड उपटून मांडीवर घेतलं. देठ फुगीर, बोटानं दाबलं की स्पंजासारखं दबायचं. आत भरलेल्या हवेवरच ते तरंगतं. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका. इतकं सुंदर की राग येईना. मुळ्या मात्र हातभर लांब, काळ्या, पिसांसारख्या, आणि त्यांत अडकलेली शाम्पूची फाटकी पुडी. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत असते तीच. ह्यांनी काही न बोलता माझ्या हातातून ती पुडी घेतली आणि बघत राहिले. आमचं भांडण तिथेच संपलं.

दोनेक तासांनी वारा सुटला. भाऊ म्हणाले, "आता थांबा, हा वारा भंडाऱ्याकडं ढकलंन." आणि खरोखर, अख्खं हिरवं वावर हळूहळू सरकायला लागलं, आम्हाला पोटात घेऊन. मधेच एक भेग पडली, काळ्या पाण्याची पट्टी. भाऊंनी आमची सोलापुरी चादर मागितली. तिची दोन टोकं बांबूला बांधली, बांबू डोंग्याच्या नाकाशी उभा केला, खालचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं, एक माझ्या. चादर फडफडली, मग फुगली, आणि डोंगा निघाला. मोटार नाही, आवाज नाही, फक्त पाण्याचा चुळचुळ आवाज. हातातलं टोक असं ओढ घेत होतं जसं वासरू दावं ओढतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत हे एवढे खूश मला दोनदा दिसलेत, त्यातलं हे एक. वीसेक मिनिटं चाललं असेल. मला ती वीस मिनिटं कुठल्याही समुद्रापेक्षा मोठी वाटली.

उतरायचं ठरलं होतं त्या गावाला आम्ही पोहोचलोच नाही. वाऱ्यानं नेलं तिथे अंधारात लागलो. भाऊंच्या साळ्याचं घर निघालं. वहिनींनी काही न विचारता भात टाकला, भिवापुरी मिरचीचा मासोळीचा रस्सा केला. मासोळी ताटात आली तेव्हा मी क्षणभर थांबले. वहिनी बघत होत्या. मग मी खाल्लं, आणि दुसऱ्यांदा भात मागून खाल्लं. कुणाच्या घरी इतकं आपलेपणानं वाढलं गेलेलं मला आठवत नाही. नागपुरात दारावर आलेल्याला आम्ही पाणी द्यायचं की नाही, याचा विचार करतो.

दुसऱ्या दिवशी धरणाचे 33 दरवाजे लांबून पाहिले, एसटीनं पवनी गाठली, आईला भेटलो, परत आलो.

भाऊंनी ठरलेल्या भाड्याच्या वर एक रुपया घेतला नाही. दिवस मोडला त्यांचा, पंख्याची पाती वाकली, तरी नाही. कुणी जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर ठेवा, असं लिहायला बसले होते. पण तुम्ही नागपूरहून निघणार असाल तर आधी आपल्या घरामागचा नाला कुठे जातो ते बघून या, एवढंच मला मनापासून सांगावंसं वाटतं. मी पंचवीस वर्षं पाहिलं नव्हतं.

चादर तीनदा धुतली. प्रत्येक वेळी बादली मोरीत ओतताना हात अडला, आणि प्रत्येक वेळी ओतली, दुसरीकडे ओतणार कुठे?

काल भाऊंना फोन केला. विचारलं, जलपर्णी गेली का?

"हवा फिरली न जी ताई," ते म्हणाले. "आता तुमच्या नागपूरच्या काठाला लागली हाये."