सुट्टीपूर्वीचा तिळगूळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या छोट्या मराठी शाळेला आज हिवाळ्याची सुट्टी लागली. दाट धुक्यामुळे मुले उशिरा पोहोचली, तरी पालक आवर्जून थांबले, कारण १४ जानेवारीच्या संक्रांतीच्या तिळगुळाची कामे आजच वाटून घ्यायची होती. शेजारच्या मुरैन्याची गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई) आवडीने खाणाऱ्या आणि घराबाहेर हिंदीच बोलणाऱ्या मुलांना दोन आज्यांनी तीळ भाजून दाखवले आणि गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी कशी होते, हे अस्सल मराठीत समजावले. माझ्या मते अशी शिकवणी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ज्या घरांत आईवडील दोघेही नोकरी करतात, तेथील मुलांना सुट्टीत दुपारी सांभाळण्याचे याच आज्यांनी आपणहून मान्य केले, याचा मला मनापासून आनंद झाला.